एका तासाचं विमान आणि उजवीकडची खुर्ची

माझ्या पासष्टाव्या वाढदिवसाला मुलीने एक पाकीट हातात ठेवलं. आत फ्लाइट सिम्युलेटरच्या एका तासाचं बुकिंग होतं, माझं आणि नातवाचं. नातू नववीत आहे, त्याला वैमानिक व्हायचंय. मी ३६ वर्षं रेल्वेत इंजिन चालवलं. दोघांना एकत्र एक तास मिळावा एवढाच तिचा हेतू होता. तो तास होऊन आता तीन आठवडे झाले, पण तिथे बसल्यावर जे डोक्यात शिरलं ते अजून गेलेलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी केंद्राबद्दल. ठाण्याच्या पुढे, घोडबंदर रोडवरच्या एका व्यापारी संकुलात दुसऱ्या मजल्यावर आहे. नाव लिहीत नाही, कारण माझ्या दोन-तीन तक्रारी आहेत आणि त्या मी तिथे समोरासमोर सांगून आलोय. एका तासाचे साडेआठ हजार घेतात. आम्ही गेलो त्या दिवशी लिफ्ट बंद होती. माझ्या वयाच्या माणसाने आधी फोन करून विचारून घ्यावं. दुसरं म्हणजे, सुरुवातीची माहिती सांगण्यात जाणारी पंधरा मिनिटं त्या एका तासातच धरतात. हे बुकिंग करताना सांगत नाहीत. प्रत्यक्ष खुर्चीत पाऊण तास मिळतो, हे धरून चाला. तिसरी तक्रार खुर्चीचीच आहे, ती पुढे येईल.

बाकी जे आहे ते अस्सल आहे. एअरबस ए-३२० चं कॉकपिट जसंच्या तसं उभं केलंय. एअरलाइनचे वैमानिक ज्यात शिकतात ती यंत्रं पायांवर हलतात, डोलतात. हे जमिनीला पक्कं आहे. पण समोरच्या पडद्यावर मुंबईची धावपट्टी उजळली आणि कानात इंजिनांचा आवाज भरला की जमीन विसरायला होतं. बटणं खरी दाबली जातात, लिव्हर खऱ्या जोराने ओढावे लागतात. नातू दारातच थबकला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आत नेलं.

शिकवायला सांगलीकडची एक मुलगी होती, पंचविशीची असेल. दोनशे तास उड्डाण करून कमर्शियल लायसन्स मिळवलंय, एअरलाइनच्या भरतीची वाट बघतेय, तोवर इथे शिकवते. मी तिला ताई म्हणत होतो, ती मला काका. या केंद्राला मी जे गुण देतोय त्यातले निम्म्याहून जास्त तिचे आहेत. तिने एकही गोष्ट घाईत सांगितली नाही आणि नातवाच्या एकाही प्रश्नाला 'ते नंतर कळेल' म्हटलं नाही.

तिने पहिल्यांदा सांगितलं ते खुर्च्यांबद्दल. डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. पण विमान कोण चालवतोय हे खुर्चीवरून ठरत नाही. एका उड्डाणात एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने लक्ष ठेवायचं, पुढच्या उड्डाणात उलट. लक्ष ठेवणाऱ्यालाही त्यांच्यात पायलटच म्हणतात, पायलट मॉनिटरिंग. त्याचं काम मोकळं बसणं नाही. वेग मोठ्याने सांगायचा, रेडिओवर बोलायचं, चेकलिस्ट वाचायची, आणि चालवणाऱ्याचा हात चुकीच्या जागी जातोय असं दिसलं तर बोलायचं.

हे ऐकताना मला वाटलं, ही तर आपल्याच घरची गोष्ट सांगतेय.

मी १९८३ मध्ये असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागलो. असिस्टंटचं पहिलं काम सिग्नल बोलणं. लांबून दिसला की हात करून मोठ्याने म्हणायचं, 'डबल यलो', म्हणजे दोन पिवळे दिवे. ड्रायव्हरनेही तोच सिग्नल स्वतः बघून परत म्हणायचं, 'डबल यलो'. बाहेरच्या माणसाला हे पोपटपंची वाटतं. पण दोन माणसांनी चार डोळ्यांनी बघून एकच शब्द उच्चारला, याला घाटात फार किंमत असते.

ती किंमत किती, हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. १९९८ चा जुलै. तेव्हा मी मालगाडीवर ड्रायव्हर झालो होतो. रात्रीचे दोन वाजून गेलेले, लोणावळ्याहून घाट उतरत होतो. कर्जत-लोणावळ्याच्या मध्ये तीन लाइनी आहेत आणि उतार सदतिसाला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट खाली. पाऊस असा की वायपर फिरतोय आणि तरी काच पांढरीच. ओळीने तिसरी रात्रपाळी होती. मंकी हिलच्या अलीकडच्या वळणावर मला सिग्नल दिसला, पिवळा. मी 'यलो' म्हणालो आणि उत्तर आलं नाही. माझा असिस्टंट अर्धा उभा राहून काचेला डोळे लावून बघत होता. मग तो ओरडला, "साहेब, तो शेजारचा! आपला लाल आहे, आपला लाल!" वळणामुळे शेजारच्या लाइनीचा सिग्नल माझ्या रांगेत दिसत होता. मी ब्रेक टाकला. गाडी कुरकुरत सिग्नलच्या पन्नासेक मीटर अलीकडे थांबली. सिग्नल ओलांडला नव्हता, त्यामुळे कुठे नोंद झाली नाही. पुढे काय होतं, हे त्या रात्री मी त्याला विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. कर्जतला उतरल्यावर चहा घेतला, त्याचे पैसे मी दिले.

तो झोपेत नव्हता आणि मीही झोपेत नव्हतो. मी बघतच होतो. बघून चुकलो होतो, आणि बघून चुकणाऱ्याला आपण चुकतोय हे आतून कळत नाही.

आता कॉकपिटमध्ये येतो. ताईने मला डावीकडे बसवलं, नातवाला उजवीकडे, आणि ती मागे उभी राहिली. मुंबईच्या धावपट्टीवरून पश्चिमेला, समुद्राकडे उड्डाण. वेग वाढायला लागला. नातवाने तिने शिकवल्याप्रमाणे "हंड्रेड नॉट्स" म्हटलं. मग "व्ही वन". ते म्हटल्याबरोबर ती मागून म्हणाली, "काका, आता उजवा हात थ्रस्ट लिव्हरवरून काढा. मांडीवर ठेवा."

थ्रस्ट लिव्हर म्हणजे इंजिनांचा जोर कमीजास्त करायचे दांडे. मी विचारलं, का?

म्हणाली, "या वेगानंतर थांबायला धावपट्टी उरत नाही. इंजिन पेटलं तरी उडायचंच. हात तिथे राहिला तर घाबरून मागे ओढला जाईल, म्हणून काढूनच घ्यायचा."

३६ वर्षं माझा हात ब्रेकवर होता. घाटात, यार्डात, लोकलमध्ये, काहीही शंका आली की पहिली गोष्ट म्हणजे गाडी उभी करायची, मग विचार करायचा. रेल्वेची सगळी सुरक्षा या एका वाक्यावर उभी आहे. इथे मला सांगत होते, तो हात काढून घ्या, इथून पुढे उभं राहणं नाही. नाक वर गेलं, जमीन खाली पडली, नातू आनंदाने ओरडला. माझं मात्र त्या मांडीवरच्या हाताकडेच लक्ष होतं.

मला कुणी म्हणेल की तुम्ही स्वतः मोटरमन होतात, तेव्हा एकटेच होतात की. बरोबर आहे. नोकरीची शेवटची चौदा वर्षं मी लोकल चालवली, कल्याणहून पुढे कसाऱ्याला आणि कर्जतला, आणि मुंबईकडे. केबिनमध्ये एकटा. गार्ड मागच्या टोकाला, त्याच्याशी बोलणं घंटीने. पण त्या एकटेपणाच्या खाली काय काय अंथरलं होतं ते बघा. हँडल दाबून धरावं लागायचं. मी कोसळलो आणि हात सुटला की ब्रेक लागणार. त्याला आम्ही डेडमॅन म्हणायचो. सिग्नल दुर्लक्षिला तर वॉर्निंग सिस्टीम ब्रेक लावणार. मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनात तर असिस्टंट असूनही मिनिटभर हालचाल झाली नाही की यंत्र जाब विचारतं. ही सगळी यंत्रं शेवटी एकच गोष्ट करतात, गाडी थांबवतात. माणूस गेला तरी गाडी रुळावर उभी राहते आणि मागून कुणीतरी चालत येतं. ३५,००० फुटांवर डेडमॅन हँडल लावून काय मिळणार? सोडल्यावर विमान कुठे उभं राहणार?

उड्डाणं झाली, एक बरं लँडिंग झालं, एक वाईट. वीसेक मिनिटं उरली होती. ताई म्हणाली, काका, आता काय करूया, रात्रीचं लँडिंग की पाऊस? मी म्हटलं, मला एकट्याला बसवा. उजवी खुर्ची रिकामी ठेवा. काहीतरी बिघाड द्या, कोणता ते सांगू नका, आणि मी कितीही चुकलो तरी बोलू नका.

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "काका, तुम्ही त्या सिंगल पायलटच्या बातम्या वाचल्यात का?"

वाचल्या होत्या. नातवामुळे विमानांचं काही दिसलं की वाचतो. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युरोपात एअरबस आणि दासो या कंपन्यांकडून असा प्रस्ताव होता की लांबच्या प्रवासात विमान एकदा उंचीवर स्थिर झालं की कॉकपिटमध्ये एकच वैमानिक पुरे, दुसऱ्याने तेवढा वेळ झोपावं. आज लांबच्या उड्डाणांवर तीन किंवा चार वैमानिक असतात ते आलटून पालटून झोपता यावं म्हणूनच. ती संख्या दोनवर आणायची. एअरबसच्या बाजूने यात ए-३५० चं नाव होतं. आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे सबंध उड्डाणालाच एक वैमानिक. युरोपची विमानसुरक्षा संस्था ईएएसए हिने यावर नेदरलँड्सच्या एनएलआर या संस्थेच्या नेतृत्वाखाली अभ्यास करून घेतला. २०२५ मध्ये निष्कर्ष आला: आजच्या कॉकपिटमध्ये एकटा वैमानिक दोघांइतकाच सुरक्षित आहे, हे पुरेसं सिद्ध करता येत नाही. त्यात जी कारणं आहेत ती वाचून मला कुणीतरी आमच्या लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर लोकांच्या हजेरीच्या खोलीत बसून लिहिल्यासारखी वाटली. एकटा असताना येणारी पेंग. झोपेतून उठवलेल्या माणसाला भानावर यायला लागणारा वेळ. एकट्याला चक्कर आली तर ते कळणार कुणाला. चूक दुसऱ्याने तपासायची ती राहून जाणं. आणि साधी गोष्ट, लघवीला कधी जायचं.

म्हणजे दार तूर्त लोटलंय. कडी लावलेली नाही. आधी जास्त हुशार कॉकपिट बनवू, त्याचा अभ्यास करू, मग बघू, असं चाललंय.

तर मी एकटा बसलो. नातू मागच्या घडीच्या खुर्चीवर, ताई तिच्या पॅनलपाशी. ऑटोपायलट बंद. उड्डाण नीट झालं, चाकं आत घेतली, सहाशे फुटांवर असेन. एकदम घंटा सुरू झाली, थांबेचना. समोर लाल दिवा. मधल्या पडद्यावर लाल अक्षरांत इंजिन फायर, खाली ओळीने काय काय करायचं त्याची यादी. मी वाचायला मान खाली घातली. दोनच ओळी वाचल्या असतील, वर बघतो तर विमान डावीकडे कललेलं. ते सरळ केलं. परत खाली बघितलं, मी कुठली ओळ वाचत होतो ते सापडेना. घंटा वाजतेच आहे. इंजिनं चालू-बंद करायचे मास्टर स्विच मधल्या पट्ट्यावर शेजारी शेजारी आहेत, जरा उचलून मग खाली ओढायचे. मी उचलला, ओढला.

घंटा थांबली नाही. उलट विमान उजवीकडे ओढलं जायला लागलं. मला वाटलं आगीमुळे. मी स्टिक डावीकडे दाबत राहिलो, वेग उतरत गेला, समुद्र मोठा व्हायला लागला. तेव्हा पडदा गोठला. ताईने थांबवला होता.

ती हळूच म्हणाली, "काका, आग एक नंबरला होती. तुम्ही दोन नंबर बंद केलंत. जळणारं अजून चालूच आहे. स्विचच्या शेजारी लाल दिवा लागला होता बघा."

दिवा होता. माझ्या बोटांपासून चार अंगुळांवर, ठळक लाल. मी तो बघितलाच नव्हता.

मला माहीत आहे की मी वैमानिक नाही. पाऊण तासाच्या म्हाताऱ्याच्या चुकीवरून एअरलाइनच्या कॅप्टनबद्दल निष्कर्ष काढायचा नसतो. मी ते तिला म्हणालोही. तिने तैवानचं सांगितलं. फेब्रुवारी २०१५, तैपेई, ट्रान्सएशियाचं एटीआर विमान. उडाल्यावर एक इंजिन गेलं आणि अनुभवी वैमानिकाने चालू असलेलंच बंद केलं. विमानातल्या ५८ पैकी ४३ जण गेले. १९८९ मध्ये इंग्लंडात केगवर्थजवळ बोइंग ७३७ ची तीच गत झाली, ४७ जण गेले. दोन्हीकडे निदान दोन वैमानिक होते. म्हणजे शिकलेली माणसं ही चूक करतात, आणि दुसरा शेजारी असूनही करतात, जेव्हा घाईत एकमेकांना विचारायचं राहून जातं.

मग तिने उजवी खुर्ची घेतली. "परत करूया. तुम्ही फक्त विमान सरळ ठेवा. बाकी मी विचारेन, तुम्ही बघून उत्तर द्या."

तीच उंची, तीच घंटा. तिने पहिलं काय केलं तर घंटा बंद केली आणि काही सेकंद काहीच केलं नाही. म्हणाली, चारशे फुटांच्या आत तर कशालाच हात लावायचा नसतो, आणि नंतरही आधी विमान, मग आग. मग तिचं बोट एका थ्रस्ट लिव्हरवर जाऊन थांबलं. "थ्रस्ट लिव्हर एक, कन्फर्म?" मी बघितलं. एकच होता. "कन्फर्म्ड." तो मागे घेतला. मग तिचा हात मास्टर स्विचवर गेला, चिमटीत धरला, पण उचलला नाही. "इंजिन मास्टर एक, कन्फर्म?" या वेळी मला लाल दिवा दिसला. "कन्फर्म्ड." मग डोक्यावरचं झाकणाचं लाल बटण, परत तोच प्रश्न, परत तेच उत्तर. दहा सेकंद मोजून आग विझवणारी पहिली बाटली सोडली. दिवा गेला.

तो स्विच चिमटीत धरून थांबलेला हात मी विसरू शकत नाही. तिला उत्तर माहीत होतं. आग तिनेच लावली होती. तरी ती थांबली, कारण त्या स्विचच्या बाबतीत एकट्याच्या ज्ञानावर हात चालवायचा नाही हा नियम आहे. 'डबल यलो' म्हणून उत्तराची वाट बघणाऱ्या असिस्टंटला मी तिथे बघितलं.

नातू मागून म्हणाला, "आजोबा, पण कॉम्प्युटरच कन्फर्म म्हणू शकेल ना?"

प्रश्न योग्य आहे आणि तो मोठी माणसंही विचारतात. २०२० पासून छोट्या विमानांत अशी यंत्रणा आली आहे की वैमानिक कोसळला तर प्रवाशाने एक बटण दाबायचं, विमान स्वतः जवळचा विमानतळ शोधून उतरतं. फार चांगली गोष्ट आहे. माझे वडील इगतपुरी शेडला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे होते. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर आणि दोन फायरमन, तिघं लागायची. कोळसा गेला, एक माणूस गेला, आणि कुणाचं नुकसान झालं नाही. विमानातही पूर्वी नेव्हिगेटर असायचा, रेडिओ ऑपरेटर असायचा, फ्लाइट इंजिनिअर असायचा. १९८० च्या दशकात इंजिनिअरही गेला आणि नव्या विमानांत दोघंच राहिले. त्यानंतर विमानप्रवास जास्तच सुरक्षित झाला. मग दोनाचा एक का नको, असं विचारतात.

मी नातवाला सांगितलं ते इथेही लिहितो. फायरमन गेला कारण त्याचं काम गेलं. कोळसाच टाकायचा नव्हता. दुसऱ्या वैमानिकाचं मुख्य काम पहिल्यावर लक्ष ठेवणं आहे, आणि पहिला माणूस आहे तोवर ते काम कुठेच जात नाही. तिनाचे दोन केले तेव्हा एकमेकांना विचारायला कुणीतरी उरलं होतं. दोनाचा एक केला की विचारायलाच कुणी उरत नाही.

आणि कॉम्प्युटरचं म्हणशील तर १ जून २००९ ची रात्र बघ. एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला जाणारं विमान. अटलांटिकवर वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, कॉम्प्युटरला वेग कळेनासा झाला, आणि त्याने ऑटोपायलट सोडून दिला. यंत्राला जिथे काही सुचेनासं होतं नेमकं तिथेच ते विमान माणसाच्या हातात देतं. कॅप्टन झोपायला गेले होते. ते दीड मिनिटात परत आले. विमान समुद्रात पडायला सगळी मिळून साडेचार मिनिटंही लागली नाहीत. २२८ माणसं. तिथेही कॉकपिटमध्ये दोघं होते आणि दोघांनाही उमगलं नाही, हे खरं आहे. पण यातून 'मग एकच ठेवा' असा अर्थ काढणाऱ्याशी मला वाद घालता येत नाही.

झोपेबद्दल तर आपल्याकडचंच उदाहरण आहे. मे २०१०, मंगळूर, १५८ मृत्यू. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते आणि उतरताना ते पुरते भानावर नव्हते, असं चौकशीत निघालं. शेजारचा फर्स्ट ऑफिसर परत वर जा, परत वर जा म्हणत होता. २०२० मध्ये कोळीकोडलाही दुसऱ्या वैमानिकाने गो अराउंड, म्हणजे परत वर जा, असं म्हटलं होतं. विमान उतरलंच, आणि २१ जण गेले. हे दोन अहवाल वाचून काही जण म्हणतात, बघा, दुसरा असून उपयोग झाला नाही. मी असं वाचतो की दुसऱ्याला सगळं दिसलं होतं. त्याचं ऐकलं गेलं नाही, आणि त्याने कंट्रोल हातात घेतले नाहीत. ऐकायला आणि हातात घ्यायला शिकवा ना. त्याला खुर्चीवरून उठवून काय होणार?

मंगळूरनंतर चारच दिवसांत जे झालं ते फार लोकांना आठवत नाही. दुबईहून पुण्याला येणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७. कॅप्टन स्वच्छतागृहात गेले होते. पंचविशीतला सहवैमानिक खुर्ची पुढेमागे करत होता, धक्का कंट्रोल कॉलमला लागला आणि विमान खाली झेपावलं. तो इतका घाबरला की त्याला सावरताही येईना आणि कॅप्टनसाठी दारही उघडता येईना. कॅप्टन आपत्कालीन कोड टाकून आत आले आणि त्यांनी विमान वर घेतलं. तोवर जवळपास ७,००० फूट गेले होते. त्या विमानातली माणसं पुण्याला सुखरूप उतरली कारण दाराबाहेर दुसरा होता, आणि जागा होता.

शरीराचं काही सांगता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या विमानाचा चाळिशीतला कॅप्टन बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि गेला. अजून थोड्या वेळाने झालं असतं तर आकाशात झालं असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशातच झालं: सिॲटलहून इस्तंबूलला जाणाऱ्या टर्किश एअरलाइन्सच्या विमानात कॅप्टन वारले. सहकाऱ्यांनी विमान न्यूयॉर्कला उतरवलं. ते विमान ए-३५० होतं.

हे सगळं त्या खोलीत बोलणं झालं नाही, वेळ कुठे होता. बरंचसं घरी आल्यावर नातवाशी बोलताना, शोधून वाचताना झालं. पण सुरुवात त्या रिकाम्या उजव्या खुर्चीने झाली. पैसे वसूल झाले का असं मुलीने विचारलं. मी म्हटलं, झाले. यंत्राला मी पाचपैकी साडेचार देईन, शिकवणाऱ्या मुलीला पाच, आणि बुकिंगच्या व्यवहाराला तीन. एअरलाइनने तिला लवकर घ्यावं आणि तिच्या शेजारी कायम कुणीतरी बसवावं.

कुणाला जायचं असेल तर दोन सूचना. पहिल्यांदा जाताना निदान दोघं जा. एकट्याचं बुकिंग थोडं स्वस्त पडतं म्हणून त्या मोहात पडू नका. आणि उड्डाणं-लँडिंग यातच सगळा वेळ घालवू नका. शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा आणि एक बिघाड मागा, आधी एकट्याने, मग दोघांनी. यातला फरक वाचून कळत नाही.

राहिली खुर्चीची तक्रार. डाव्या खुर्चीचा पुढेमागे करायचा खटका अडकतो. जोर लावावा लागतो आणि सुटला की खुर्ची एकदम पुढे येते. तिथे बसलो तेव्हा एवढंच वाटलं की तेल घालायला हवं. पुण्याच्या विमानाचं वाचल्यावर मी त्यांना फोन केला आणि सांगितलं, आधी तो खटका दुरुस्त करा. परवा ताईचा निरोप आला, नवीन बसवलाय. पुढच्या महिन्यात नातवाची चाचणी परीक्षा संपली की आम्ही परत जाणार आहोत. या वेळी डावीकडे तो बसेल.